हलू नका

तीस वर्षं पासपोर्ट फोटो काढले.
हनुवटी वर. कान दिसू द्या. हलू नका.
मागे कायम तोच निळा पडदा.

आता दुकान भाचा बघतो, सुनंद.
मी सकाळचा कॅमेरा घेऊन मार्केट यार्डात.

हळदीच्या सौद्यात एक हमाल शिंकला
आणि पापण्यांवरून पिवळं ऊन उडालं.
बटण दाबेतो तो पोत्याखाली वाकलेला.
आला फक्त कान. पिवळा.
पासपोर्टला चालला असता.

गावभागात एका भिंतीवर पुराची रेघ,
माझ्या कपाळाच्या चार बोटं वर.
नेमका त्या रेघेत खिळा ठोकून
कुणी दुधाची पिशवी टांगलेली,
वाऱ्यानं जराशी फुगलेली.
मी खाली उकिडवा बसलो,
तळाशी बसलेला मासा वर बघतो तसा
बघत राहिलो.

दार उघडून बाई म्हणाल्या,
"परत पंचनामा?"
"नाही, पिशवी."
"अहो, रिकामी आहे ती."
"म्हणूनच."

त्यांनी पदराला हात पुसले,
पिशवीची घडी नीट केली
आणि शेजारी उभ्या राहिल्या,
हनुवटी वर, कान दिसतील अशा,
श्वास रोखून.

"हला थोडं," मी म्हणालो.