वेस

ग्रिम्सबी. माशांचं शीतगृह, पहाटेचे चार.
हातमोज्यांची बोटं कापून मी शिडीवर बसलोय,
मांडीवर नवा स्विच. त्याला पत्ता देतो:
दहा, वीस, चार, बारा.

खरं तर त्याचं काही अडत नाही पत्त्यावाचून.
वजनकाट्याचे, कॅमेऱ्यांचे, बर्फयंत्राचे निरोप
चोवीस भोकांतून बिनबोभाट
इकडचे तिकडे करतो.
पत्ता लागतो, कुणी त्यालाच हाक मारली तर.

शेफिल्डहून डोरीन हाक मारते.
मग फोनवर: "मेलाय रे तुझा, राजा."

शेजारी लॅपटॉप लावून मी विचारतो.
लगेच ओ देतो. चांगला धडधाकट!

केबल तपासली. मास्क तपासला.
भिंतीपलीकडे कुणीतरी हॅडॉकच्या पेट्या आपटत होतं
तेव्हा कुठे उमगलं:
हाक पोचतेय.
उत्तर हातात घेऊन हा उभा आहे,
आळीबाहेर कुठून पडायचं
हे मीच सांगितलेलं नाही.

एक ओळ.
वेस: दहा, वीस, चार, एक.

"आला," डोरीन म्हणते. चमचा ढवळल्याचा आवाज.
"सेव्ह केलंस ना?
वीज गेली की विसरतात मेले.
आधी वेसच विसरतात."