पात्याच्या पुढे

आधी मी, मग जीप, मग ट्रेलर,
ट्रेलरवर पातं.
ब्याऐंशी पावलं. मी मोजलंय चाकणच्या चौकात,
हवालदार फोनवर बोलत होता तेवढ्यात.

रात्री साडेअकराला परवानगी सुरू होते,
पहाटे पाचला संपते.
मधल्या वेळात पुणं कुशीवर वळलेलं असतं
आणि आम्ही त्याच्या पाठीमागून जातो,
पाव्हण्याच्या घरातून पहाटे निघावं तसे,
चपला हातात घेऊन.

माझं काम वायर उचलणं.
बांबूच्या टोकाला बेचकं,
बेचक्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली.
केबलवाल्याची वायर, इंटरनेटची,
मांडवाची राहून गेलेली माळ,
कुणीतरी टाकलेला आकडा,
सगळ्यांना एकाच बेचक्यात घ्यायचं
आणि पातं जाईस्तोवर वर धरायचं.
दंड भरून येतात.

वीज करणाऱ्याला वाट द्यायची
म्हणून विजेची वायर उचलायची,
यात काहीतरी आहे, असं भाचा म्हणतो.
बारावीला आहे तो.
मी म्हणतो, वायर ओली नाही ना, एवढं बघावं.

एकदा तळेगावच्या आधी
एका गॅलरीतून बाई ओरडल्या,
अहो, मॅच चालू आहे आमच्याकडे!
तुटणार नाही, मी म्हणालो, धरलीय.
त्यांनी मोबाईलची बॅटरी लावून
पातं या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.
विमानाचं आहे का?
वाऱ्याचं.
मग उडवतच न्यायचं की, रस्ता कशाला अडवता?
आणि दार लावून घेतलं.

चांदणी चौकाच्या चढाला वारा लागतो.
पातं आडवं, साखळ्यांनी आवळलेलं,
बुडाशी पोकळ, आत माणूस उभा राहील एवढं.
तिथनं आवाज निघतो तेव्हा,
रिकाम्या घागरीत तोंड घालून
कुणी स्वतःचंच नाव घ्यावं तसा.
मागची चाकं वळवणारा इलाही
त्याच्यावर थाप मारतो.
थांब रे, अजून खंबाटकी आहे.

आता समुद्रात उभे करणार म्हणे,
गुजरातच्या अंगाला, काठावरून दिसणार नाहीत इतके आत.
तिथली पाती याच्या दुप्पट.
मैनानं विचारलं, तिथं वायर कोण उचलणार?
मी तिला सांगितलं,
तिथं वायर वरून जात नाही,
तळातून जाते, चिखलाखालून.
माशांच्या पायाखालून, ती म्हणाली.
माशांना पाय नसतात.
मग तुम्ही काय करणार तिथं?
मी भाकरी मोडत होतो, मोडत राहिलो.

नऊ वर्षं झाली.
नवले पुलाचा उतार रांगत उतरलो,
कात्रजच्या बोगद्यात श्वास धरून शिरलो,
किती पाती गेली हातावरून, हिशेब नाही.
फिरताना एकही पाहिलं नाही.
पोचवलं की पावती, पावती की परत,
आणि परतताना मी झोपलेला.

या खेपेला साताऱ्याच्या वरच्या पठारावर
उजाडेपर्यंत थांबलो.
मुद्दाम. इलाहीला चहा पाजून.
चाळीसेक असतील, टेकडीमागून टेकडीला,
एकाच्या बुंध्याशी म्हैस अंग घासत होती.
वारा नव्हता.
गवताचं टोकसुद्धा हलत नव्हतं.
मी खाली उभा राहून वर पाहिलं
आणि सवयीनं बांबू उचलला.
वर काहीच नव्हतं उचलायला.
हात मात्र भरून आले, नेहमीसारखे.

उतरताना आरशात पाहत होतो.
तिसऱ्या वळणावर मला वाटलं,
हललं.
इलाही म्हणाला, गाडी हलतीय, मच्छिंद्र.
मी काच खाली केली
आणि हात बाहेर धरला.