पिण्याजोगं पाणी

सप्टेंबर सरत आला की अलाझानीच्या खोऱ्यात
ज्याच्या त्याच्या अंगणात जमिनीला तोंड फुटतं.
गळ्यापर्यंत पुरलेले वाइनचे रांजण,
वर दगडी झाकण, झाकणावर ओली माती.

जुम्बेर कुंपणाशी येऊन उभा राहिला,
टोपी हातात, नजर माझ्या टोमॅटोंवर.
"पोरं पोलंडला. माझ्या पोटाचा घेर तर बघतेसच.
रांजणात मावेल असं गावात
तुझ्याशिवाय कुणी उरलं नाही, लामारा."

एकतीस वर्षांत
दिराचं माझ्याशी हे पहिलं बोलणं.
त्यातही माझ्या वाळलेल्या अंगाचा हिशेब.

मी जाणार नव्हते.
पण ती टोपी ओतारची होती.
भावाची टोपी भावाने नेली होती, मला न विचारता,
आणि आता ती त्याच्या बोटांत
धुतल्या फडक्यासारखी पिळली जात होती.

आधी दोरीने मेणबत्ती सोडली आत.
विझली नाही. मग मला सोडलं.

रीत अशी, की आतल्याने गात राहायचं.
गाणं थांबलं की वरच्याने ओळखायचं,
दोर ओढायची वेळ झाली.
मला एकही गाणं आठवेना.
चेरीच्या सालीचा कुंचा भिंतीवर घासत
मी बोलत सुटले.

तो जानेवारी. वीज गेल्याचा चाळिसावा दिवस.
ओतारचा ताप. तेलावीचं हॉस्पिटल बावीस किलोमीटर.
तुझ्या गोठ्यातली हिरवी निवा.
"पेट्रोल नाही, वहिनी."
मग माझी बैलगाडी, आणि बर्फ.
तेराव्या किलोमीटरला
बैल थांबला नाही. ओतार थांबला.

भट्टीवर पाव भाजताना सांगितलं होतं हे,
कबरीवर सांगितलं, लेकीला फोनवर,
एकदा तर वीजबिल घेऊन आलेल्या पोराला.
त्याला सोडून सगळ्यांना.
रांजणात आवाज जायला जागा नसते,
माझं प्रत्येक वाक्य
माझ्याच कानशिलात येऊन बसत होतं.

वर गोल आभाळ, त्यात त्याचं डोकं.
बराच वेळ नुसतं डोकं.
"होतं," तो म्हणाला. "आठ लिटर.
नातियाला दमा होता ना, तिच्यासाठी राखलं होतं.
त्या हिवाळ्यात तिला काहीच झालं नाही.
मार्चमध्ये कुणीतरी डबाच चोरला."

आठ लिटर.
मी मोठं काहीतरी कल्पिलं होतं.
जमिनीचा लोभ, माझ्यावरचा राग,
कारस्थान म्हणावं असं काही.

अढीत घातलेलं फळ निदान पिकतं.
माझं एकतीस वर्षं कच्चंच राहिलं गवतात,
आणि मी रोज उठून दाबून पाहत होते.

पाण्याच्या बादल्या खाली आल्या, वर गेल्या.
पहिली काळी. मग जांभळी.
पाचवीला नुसता राखेचा रंग.
धुवण पिण्याजोगं झालं
की रांजण स्वच्छ, असं आमच्यात मानतात.
त्याने सातवी बादली ओढली, ओंजळ भरली, विचारलं,
"तू पितेस की मी?"
"तू," मी खालून म्हटलं. "आधी तू."

तो प्यायला. तोंड वाकडं केलं.
"अजून थोडं राहिलंय."
मी कुंचा उचलला.

लेक फोनवर विचारते, माफ केलंस का काकाला?
मी सांगते, रांजण धुतला.
ऑक्टोबरात भरेल,
पुढल्या सप्टेंबरात पुन्हा धुवावा लागेल.
ती म्हणते, आई, मी काय विचारतेय!

टोपी मात्र त्याने कुंपणाच्या खुंटावर ठेवली.
मी ती आत आणलेली नाही. पावसात भिजू दिलेलीही नाही,
वर एक पत्रा टाकलाय.

आणि काल रात्री, झोप लागता लागता,
तेरावा किलोमीटर आला नेहमीसारखा.
बर्फ तेच होतं.
बैल चालत होता.
चौदावा कसा दिसतो
ते मी पहिल्यांदा पाहिलं.