राखाडी आत, काळी बाहेर

लेस्ली रिबेरोचे हात थरथरायला लागले
त्या वर्षापासून दर रविवारी मी त्याच्याकडे जायचो,
यार्डामागच्या बैठ्या घरात.
खिशात पाना, रबरी रिंगांची पुडी
आणि जुन्या शर्टाची धुतलेली चिंधी.

मी पीत नाही.
हे आधीच सांगितलेलं बरं,
गल्लीत कुणी मानत नाही.

दोन पिंपं त्याची, स्टीलची, उंच,
कधीकाळी कोल्ड्रिंकच्या पाकाची.
जळगावच्या भंगारात वजनावर घेतली
तेव्हा एकाच्या बुडाशी मुंग्या होत्या,
अजून गोडाच्या आशेवर.

एकतीस वर्षं मी वॅगनखाली बसून नळ्या जोडल्या.
हिरवी ब्रेकची, पांढरी फीडची.
पाच किलो दाब, सहा किलो दाब,
सांध्यावर साबणाचं पाणी,
फुगा दिसला की लाल खडूची खूण.
आणि इथं काटा एक किलोलाही शिवत नाही
तरी लेस्ली खुर्चीतून ओरडणार,
"राखाडी आत, काळी बाहेर, टोटा!"
राखाडी टोपीतून गॅस शिरतो, आखूड नळीने.
काळीतून बिअर येते, थेट बुडापासून.
उलटी दाबलीस तर रुतून बसेल, मग करवत आण.
दर रविवारी तो हे सांगायचा
आणि दर रविवारी मी पहिल्यांदा ऐकल्यासारखा
"हो साहेब."

झाकणाला हात लावण्याआधी कडी ओढायची.
फुस्स.
ते पूर्ण संपेपर्यंत थांबायचं, घाई नाही.
यार्डात घाई केलेल्या एका पोराचा दात
अजून माझ्या डोळ्यांसमोर उडतो.
मग सोड्याचं गरम पाणी, लांब दांड्याचा ब्रश,
रिंगा बोटावर ताणून उजेडात बघायच्या,
चिरली ती फेकायची, नवी घालायची.
नव्या मी सावद्याच्या ठिबकवाल्याकडून आणायचो.
तो म्हणाला, "केळी किती एकर, काका?"
म्हटलं, "दोन पिंपं."

एकदा मे महिन्यात, सेहेचाळीस डिग्रीत,
भरलेला सिलिंडर आठवड्यात रिकामा झाला.
लेस्ली गप्प. देवाचं नाव घेऊन मग शिव्या.
मी सगळीकडे साबण लावला,
झाकणाला, नळीला, रेग्युलेटरला,
फ्रिजच्या दारालासुद्धा, रागाने.
काही नाही.
संध्याकाळी काळी टोपी काढून बघितली
तर आतल्या इवल्या स्प्रिंगखाली
दादरीचं एक तूस.
मोड आणून, वाळवून, भरडून त्याने जी उकळली होती
तीच ज्वारी, दार उघडं धरून बसलेली.
मी ते नखावर घेऊन त्याला दाखवलं.
त्याने ते पाकिटात ठेवलं,
बायकोच्या फोटोशेजारी.

नंतर भाची त्याला पर्थला घेऊन गेली.
पिंपं विमानात चढत नाहीत.
हातगाडीवरून ती माझ्या दारी आली तेव्हा
द्वारका म्हणाली, "हे कशाले आनलं घरी?"
आणि अख्ख्या गल्लीला उत्तर आधीच माहीत होतं.

रबर वापरलं नाही तर वाळतं.
म्हणून मी पाणी भरतो, गॅस सोडतो,
दोन दिवस थंडीत ठेवतो.
दुपारी पोरं स्टीलचे पेले घेऊन येतात,
लिंबू, काळं मीठ, नाकात जाणारा सोडा.
परवा बोंडे गुरुजी आले, ज्यांनी माझ्यावर
कीर्तनाइतकं बोलून घेतलं होतं.
पेला दोनदा हुंगला.
मग दुसरा मागितला.

काल रात्री फोन आला.
तिकडे गारठा आहे, म्हणाला, बोटं अगदीच गेली,
चमचासुद्धा भाची धरते.
मग एकदम कडक आवाजात,
"टोटा, आत कोणती?"
मी म्हटलं, "काळी."

बराच वेळ नुसता श्वास.
मग त्याने खुर्ची ओढल्याचा आवाज,
आणि पहिल्यापासून, सावकाश,
तो मला सांगायला लागला.