वळशात पाय

ब्रेसे बेटावरून लर्विकला जायला फेरीबोटीला सात मिनिटं लागतात.
कोडं सहा प्रयत्नांचं.
म्हणजे प्रयत्नाला एक मिनिट, आणि उरलेलं एक
टोपी नीट करायला, असा ओस्ला मॅन्सनचा हिशेब.
ती मासळी-लिलावाच्या कचेरीत हिशेबनीस आहे.
जानेवारीत सकाळी आठलाही बाहेर डांबरासारखा काळोख,
फोनच्या उजेडात तिची फक्त हनुवटी दिसते.

पहिला शब्द ठरलेला : क्रेन.
चार वर्षं तोच.
दोन स्वर, तीन कामसू व्यंजनं;
शंभरात कोण किती वेळा सापडतं
याची टक्केवारी वहीत आहे, शाईनं.

लोरीचं तसं नाही.
तिकिटं फाडणारा, दोर टाकणारा लोरी
समोर येईल तो शब्द टाकतो :
कधी शीप, कधी टोस्ट,
एकदा तर बायको रुसली होती म्हणून सॉरी.
आणि तरी महिन्याकाठी एकदा
दुसऱ्या फटक्यातच सुटतं मेल्याचं.
आंधळ्याच्या गाई देव राखतो, हे ठीक,
पण रोज त्याच बोटीत बसून ते बघायचं म्हणजे…

आज क्रेन कोरी गेली. पाचही घरं राखाडी.
दुसरा : लाइट.
एल गेला, मागची चारही हिरवी.
त्यात जी आणि एच, दोघे मुके,
उच्चारात कुठेच नाहीत,
बिनतिकीट बसलेले प्रवासी.

इथे नवखा माणूस हरखतो.
ओस्लाच्या पोटात खड्डा पडला.
फाइट, माइट, साइट, टाइट :
एका शेपटीला किती तोंडं,
आणि अंधारात उभी असतील ती वेगळीच.
एकेक दार ठोठावत बसलं तर प्रयत्न संपतात, दारं नाही.

म्हणून तिनं एक प्रयत्न जाणूनबुजून जाळला : फोम्स.
उत्तर हे नव्हेच, तिला ठाऊक होतं.
एफ, एम, एस, तिघांची एकाच वेळी झडती.
तिघेही निर्दोष सुटले.
तिला स्वतःचा अभिमान वाटला,
साधारण चाळीस सेकंद.

टाइट. नाही.
वाइट, दक्षिणेकडचं ते बेट. तेही वाईटच गेलं.

धक्क्याचे दिवे जवळ आले.
लोरी वाकला, तिकीट न मागता फोन पुढे केला :
एकच ओळ. पाचही हिरवी.
"एकात?"
तिच्या वहीत त्या रकान्यात
शून्यसुद्धा लिहिलेलं नाही, नुसतं कोरं आहे.

लोरीनं उजवा पाय पुढे केला.
बुटाचं रबर घोट्यापासून टाचेपर्यंत सोललेलं,
आतून पांढरा मोजा डोकावत होता.
"सव्वासातला. दोर ताणला जात होता.
बापानं पहिल्याच दिवशी बजावलेलं,
काहीही कर, पण बाइटमध्ये पाय…"
आणि त्यानं जीभ चावली.

दोराच्या सैल वळशाला खलाशी तसं म्हणतात.
चावण्याशी संबंध नाही;
पुढे बी, मागे तीच मुकी जोडी.

"हात थरथरत होते," तो म्हणाला,
"दुसरं काही सुचेचना."

बोट धक्क्याला टेकली.
त्यानं दोराचा फास खुंटावर टाकला
आणि हातभर लांब उभा राहिला,
रोजच्यापेक्षा जरा जास्तच लांब.
ओस्ला बघत राहिली. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला.

सहावी ओळ तिनं भरली नाही.
वहीत आजच्या तारखेपुढे आकडाही नाही.
लिहिलंय : उजवा पाय, शाबूत.

दुसऱ्या दिवशी क्रेनला दोन पिवळी आली.
लोरीनं खाता खाता स्कोन टाकला
आणि सहाच्या सहा फुकट घालवले.
नवे बूट डेकभर करकरत होते.