छोटा त्सु

हरभट रोडवर चौकटीची वही मागितली
तर दुकानदार म्हणाला, मुलगा कितवीत?
पहिलीत, म्हणालो.
खोटं नव्हतं. फक्त मुलगा नव्हता, मी होतो,
वय सत्तेचाळीस, कुपवाडला लेथवर बावीस वर्षं.

रविवारी टायरच्या दुकानावरच्या खोलीत
रुक्साना शिकलगार शिकवते, माझ्या पुतणीएवढी.
अ इ उ ए ओ. हे तर आपलंच की, म्हटलं,
आणि पेन्सिल टेकवली
तर त्यांचा अ म्हणजे सुताचा गुंता निघाला.
कोष्ट्याचा पोरगा मी, तरी टोक सापडेना.
नो मात्र एका फटक्यात जमला.
नो म्हणजे चा. सांगलीचा. आईचा.
एवढ्यावर आठवडा काढला.

वाक्याला घाबरून होतो.
शाळेत इंग्रजीनं क्रियापद मध्येच पुरून ठेवलेलं,
दर वेळी पाय अडकायचा.
इथे मी, पाणी, पितो.
क्रियापद शेवटी, जेवण झाल्यावर ताट उचलावं तसं.
आणि विचारायचं असेल तर त्याच्याही मागे का.
हो, आपलाच का.
कोरे वा नान देस का?
मंडईत म्हणून पाहिलं, कोथिंबिरीला बोट लावून.
बाई म्हणाली, दहाला जुडी.

नदीला ते कावा म्हणतात.
तीन उभ्या रेघा, झालं.
रुक्साना पुढच्या शब्दाकडे गेली, आमचा बाक तिथेच राहिला.
सांगलीत कुणाला शिकवायचा नदीचा कावा?
तिच्या घराच्या भिंतीवर रेघ आहे, माझ्याही,
फक्त आमच्या आडव्या.

खरं तर मी आलो होतो मशीनसाठी.
त्यांच्याकडचं जुनं, जहाजातून सेकंडहँड आलेलं.
अकरा वर्षं लाल बटणाखाली चार अक्षरं,
अंगठा रोज त्यांच्यावर.
मला वाटायचं सावधान असेल, नाहीतर देवाचं नाव.
दसऱ्याला हळदकुंकू तिथेच लावत आलो.
परवा रात्रपाळीला चिंधीनं पुसलं आणि वाचलं:
सु. तो. एक बारका त्सु. पु.
स्तोप्पु.
स्टॉप!
एवढंच होतं होय, गाढवा.
आवटी चहा घेऊन आला, म्हणाला, एकटाच का हसतोयस?
सांगता येईना.

तो बारका त्सु म्हणायचा नसतो.
लिहायचा, पण तिथे तोंड मिटून
श्वासभर नुसतं उभं राहायचं.
थांब म्हणायच्या शब्दातच
थांबायला एक अक्षर ठेवलंय त्यांनी.
आमच्या पाळीत अशी जागा नाही.

हिरव्या बटणावर दोन दाट अक्षरं आहेत,
एकाला बारा फटके, एकाला अकरा.
फोटो काढून पाठवला. उत्तर आलं:
पहिल्यात नशीब आहे, ओझं वाहणंही. दुसऱ्यात फिरणं.
दोन्ही मिळून?
मिळून काही नाही, काका. चालू.

दाबलं.