अकरा महिने

खासगीवाले वकिलांनी चष्मा कपाळावर सरकवला
आणि म्हणाले, अकरा. बारा नको.
बारा म्हटले की नोंदणी आली, मुद्रांक आला,
रजिस्ट्रारच्या दारात अर्धा दिवस गेला.
अकराचं कसं, नोटरी आणि वर एक चहा.

कायद्याच्या वर्षाचा एक दात पडलेला असतो,
हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं.

फ्लॅट भंवरकुआजवळ. तिसरा मजला, लिफ्ट नकाशात.
वीज मंडळात एकतीस वर्षं लोकांची रीडिंगं तपासली,
तो फंड या भिंतींत घातला, वर कर्ज.
हप्ता चौदा हजार तीनशे. भाडं साडेनऊ.
मुलगी बंगळूरहून विचारते, आई, यील्ड किती पडतो?
मी म्हणते, थांब, अजून वजाबाकीच चाललीय.

आपण स्वतः तिथे राहत नाही,
हे नगर निगमला कळलं की संपत्तीकरातली सवलत जाते.
नर्मदेचं पाणी दिवसाआड,
मेंटेनन्स मात्र एक तारखेला, न चुकता.
मीटर अजून आधीच्या मालकाच्या नावावर,
कुणी हसमुखलाल पोरवाल,
मी दर महिन्याला त्यांच्या नावानं बिल भरते.
माझंच खातं, माझाच अर्ज,
सहा महिने माझ्याच जुन्या टेबलावर पडून.

भाडेकरू मिळाला हेमेंद्र मंडलोई, खरगोनकडचा.
पीएससीची तयारी, एक कुकर, चार पोती पुस्तकं.
ठाण्यात फॉर्म भरला:
वडिलांचं नाव, मूळ गाव, ओळखीचे दोघे,
शरीरावरची खूण.
डाव्या भुवईवर, म्हणाला. बैलगाडीवरून पडलो होतो.
मी गप्प झाले.
आमच्या ह्यांना उजव्या कानानं कमी ऐकू येतं,
हे मला लग्नानंतर तिसऱ्या वर्षी कळलं होतं.

करारात सतरा कलमं.
अठरावं सेक्रेटरींनी जिन्यात सांगितलं, तोंडी:
कुणाला द्यायचं नाही, ते. लिहू नका म्हणाले.
हेमेंद्रच्या आधी एक मुलगा पाहून गेला होता,
खजराण्याचा. बोलण्यात फार अदब.
डिपॉझिट तीन महिन्यांचं द्यायला तयार होता.
मी म्हटलं, कळवते.

कलम नऊ: लहान दुरुस्ती भाडेकरूची, मोठी मालकाची.
लहान म्हणजे किती, ते कलम नऊ सांगत नाही.

एकतीस मार्चला अकरा महिने संपले.
वकील काशीला गेलेले. म्हटलं, करू पुढच्या आठवड्यात.
आणि बारा एप्रिलला, रात्री दोनला, फोन:
आंटीजी, पाइप फट गया, मेन वॉल्व किधर है?

रजिस्ट्री मला तोंडपाठ होती.
पूर्वेला रस्ता, पश्चिमेला ब्लॉक ब,
दक्षिणेला सोडलेली जागा, उत्तरेला अमुकचा प्लॉट.
व्हॉल्व कुठे आहे, मला माहीत नव्हतं.

खाली सोलंकींचं नवं फॉल्स सीलिंग
पापडासारखं फुगलं, मग सुटलं.
त्या रात्री कागदावर हेमेंद्र तिथे नव्हताच.
तो म्हणू शकला असता, माझं काय?
मीही म्हणू शकले असते, तू कोण?
दोघंही हे जाणून होतो, बहुधा.
त्यानं अंधारात चाचपून व्हॉल्व शोधला,
सकाळी प्लंबरची पावती माझ्या हातात दिली,
साडेपाचशे. ही लहान.
सोलंकींचे सहा हजार दोनशे मी भरले. ते मोठं.
मधली हद्द अजून कुणी आखलेली नाही.

नव्या करारात मी स्वतः एक ओळ घातली:
मुख्य व्हॉल्व जिन्याखाली, डाव्या हाताला, निळ्या पिंपामागे.
वकील हसले. हे कलम होत नाही, बाई.
म्हटलं, राहू दे.
अठरा नंबर मोकळा होता.

भाडं साडेनऊच ठेवलं. मुदत पुन्हा अकरा.
आणि फोनमध्ये एक नंबर अजून आहे,
नाव विचारायचं राहिलं, म्हणून असा जपलेला:
फ्लॅट, कळवायचं.